मुलांचा ज्युदो क्लब: आधी पडणाऱ्याकडे बघा

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ब्लॅक बेल्ट आहात, वर्षभरापूर्वी एका सार्वजनिक हॉलमध्ये क्लब सुरू केलात, 6 ते 14 वयाची तीसेक मुलं येतात, पण तीन-चार महिन्यांत निम्मी गळतात. पालक विचारतात स्पर्धा कधी, पुढचा बेल्ट कधी. मदतीला दोनच मोठी माणसं. आणि तुमचा प्रश्न असा की शिकवण्यात काही चुकतंय की शिस्त कमी पडतेय?

मी 22 वर्षं मुलांचे वर्ग घेतोय. शिस्तीचा प्रश्न मला दिसत नाही. तुम्ही वर्गाची जी आखणी दिली आहे, ती सगळी डाव मारणाऱ्या मुलाभोवती आहे: आज हा थ्रो, उद्या तो थ्रो, शेवटी उभ्याने रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळा सराव. पडणाऱ्या मुलाचा त्यात विचारच नाही. आपल्यातले बहुतेक जण असंच करतात, मीही पहिली पाच वर्षं तेच केलं, कारण आपण स्वतः चांगले फेकणारे होतो म्हणून तर ब्लॅक बेल्टपर्यंत टिकलो. पण दर फेकीला एक मूल खाली जातं. वर्गातली तीन-चार मुलं बहुतेक वेळा फेकतात आणि बाकीची बहुतेक वेळा पडतात. क्लब सोडतात ती ही बाकीची. त्यांना पडायची धास्ती वाटत नसेल आणि पाडणाऱ्याचा भरवसा वाटत असेल, तर ती पुढच्या वर्गाला येतात. एवढी एक गोष्ट धरून मी वर्ग पुन्हा बांधला आणि गळती थांबली नाही तरी खूप कमी झाली.

सुरुवात उकेमीपासून, म्हणजे इजा न होता पडण्यापासून. उकेमी हा वॉर्मअपचा भाग समजून पाच मिनिटांत उरकायची सवय असेल तर ती मोडा. नव्या मुलाचे पहिले सहा ते आठ आठवडे हेच मुख्य काम आहे. क्रम साधा ठेवा: आधी पाठीवर झोपून, मग बसून, मग उकिडवं, मग उभ्याने, मग ओणव्या झालेल्या जोडीदारावरून घरंगळत, आणि त्यानंतर कुणीतरी हळू पाडतंय असं. पायरी गाळायची नाही, मूल कितीही चपळ असो. हात अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर, तळवा खाली, श्वास बाहेर. मागे हात टेकून स्वतःला सावरायची ओढ प्रत्येक मुलाला असते, आणि मनगट किंवा कोपर तिथेच जातं.

सगळ्यात महत्त्वाची हनुवटी. ‘हनुवटी छातीला लाव’ हे दिवसभर सांगितलं तरी सात वर्षांचं मूल पडताना वर छताकडेच बघतं. मी काय करतो सांगतो. मुलासमोर बसतो, त्याच्या पट्ट्याच्या गाठीजवळ माझा हात धरतो, आणि ते मागे पडत असताना दोन किंवा तीन बोटं उघडतो. पडता पडता त्याने मोठ्याने सांगायचं, किती. बोटं मोजायची तर मान पुढे घ्यावीच लागते. दहा वेळा केलं की हनुवटी शब्दही न बोलता जागेवर येते. चार आठवड्यांनी मी बोटं दाखवणं बंद करतो, तरी काही मुलं सवयीने ‘दोन!’ ओरडतात. अशा मुलाची उकेमी झाली समजायचं.

दुसरी बाजू पाडणाऱ्याची. आमच्याकडे नियम आहे की फेक पूर्ण झाल्यावर तोरी (फेकणारा) दोन्ही पायांवर उभा असला पाहिजे आणि उकेची (पडणाऱ्याची) बाही त्याच्या हातात असली पाहिजे. बाही सुटली तर डाव कितीही देखणा असो, इप्पोन (पूर्ण गुण) नाही. बाही वर ओढून धरली की पडणाऱ्याचं डोकं आणि खांदा उचललेला राहतो, तो कुशीवर येतो, आणि मॅटवर हात मारायला त्याला वेळ मिळतो. जो मुलगा डाव मारून स्वतः अंगावर कोसळतो, त्याला मी जोर कमी करायला सांगत नाही. तोल सांभाळून तोच डाव पाच वेळा हळू मारून दाखवायला सांगतो. जोरकस मुलाला ‘हळू मार’ म्हटलं की ते नुसतं अंग चोरतं आणि डाव अर्धवट सोडतं. ते जास्त धोक्याचं.

आता ओसोतो-गारीबद्दल, म्हणजे समोरच्याचा पाय मागून झाडून त्याला मागे पाडण्याच्या डावाबद्दल. शिकवायला सोपा आहे आणि मुलांना लगेच जमतो, म्हणून पहिल्याच महिन्यात शिकवता असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबवा. जपानमध्ये 1983 पासून सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलांचा जीव गेला. त्यात मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा होता, बळी पडलेल्यांत नवशिकी मुलं फार होती, आणि ओसोतो-गारीचं नाव त्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा येतं. कारण सरळ आहे: हा डाव माणसाला सरळ मागे उलटवतो, आणि मागे पडताना नवशिक्याची मान सुटते. डोकं मॅटवर आपटलं नाही तरी त्या झटक्याने मेंदूभोवतीच्या शिरा ताणून तुटू शकतात. मी पहिला डाव ओ-गोशी शिकवतो. त्यात पडणारा पाडणाऱ्याच्या कमरेवरून येतो, अंगाला अंग असतं, वेग तोरीच्या हातात राहतो. ओसोतो-गारी सहा महिन्यांच्या आत नाही, आणि तोही आधी जाड मॅटवर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वर्ग सुरू करून दुसरं वर्ष होतं. दहा वर्षांचा एक दणकट मुलगा आणि नऊ वर्षांचा एक शेलाटा मुलगा, दोघांच्या वजनात नऊ-दहा किलोंचा फरक. हॉलमध्ये मुलं विषम संख्येत होती, कुणीतरी रिकामं उभं राहू नये म्हणून मी ती जोड लावली. मोठ्याने ओसोतो-गारी मारला, बाही सुटली, आणि तो स्वतःही वर पडला. लहानग्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. तो रडला नाही. ‘माझी उकेमी चुकली का?’ असं त्याने मला विचारलं. त्याची उकेमी बरोबर होती. जोड चुकली होती आणि ती मी लावली होती. त्याच्या आईवडिलांना मी त्याच संध्याकाळी तसं सांगितलं. हाड जुळलं, पण तो परत मॅटवर आला नाही.

तेव्हापासून जोड लावणं मी कुणावर सोडत नाही. उभ्याने रांदोरीसाठी वजनातला फरक दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतो, आणि वजनाबरोबर अनुभव बघतो. सहा महिने शिकलेला आणि तीन वर्षं शिकलेला, वजन सारखं असलं तरी तोलाचे नाहीत. मूल उरलं तर तिघांचा गट करतो, एक बाहेर बसून मोजतो. ‘आपापला जोडीदार निवडा’ ही आज्ञा तर मुलांच्या वर्गातून हद्दपार करा. प्रत्येक वेळी तेच एक मूल शेवटी उरतं, सगळ्यांच्या देखत.

रांदोरीचा क्रमही उलटा करा. पहिले तीन-चार महिने फक्त ने-वाझाची, म्हणजे जमिनीवरची रांदोरी. पडायचं नाही, त्यामुळे भीती नाही, आणि दमून हसत हसत मुलं जोर लावायला शिकतात. पाठीला पाठ लावून बसवा, ‘हाजिमे’ (सुरू) म्हटलं की वळून केसा-गातामे (समोरच्याला पाठीवर दाबून धरायचा डाव) घ्यायचा, वीस सेकंदांत. थाप मारणं पहिल्याच दिवशी शिकवा: दोनदा थाप किंवा तोंडाने ‘माइत्ता’ (हरलो), आणि समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. गळा आवळणं आणि सांधा पिरगळणं लहान वयोगटात नाहीच. किती वयापासून चालतं ते तुमच्या महासंघाच्या नियमात बघा आणि त्याच्याही एक पाऊल मागे राहा.

उभ्याने रांदोरी सुरू कराल तेव्हा एक युक्ती अंध खेळाडूंच्या ज्युदोतून घ्या. हा खेळ 1988 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि त्यात लढतीची सुरुवातच दोघांनी एकमेकांची पकड घेऊन होते. मुलांनाही तसंच उभं करा: एक हात बाहीवर, एक कॉलरवर, मग हाजिमे. पकडीसाठी होणारी झटापट, बोटं मुरगळणं, ताठ हातांनी एकमेकांना ढकलत राहणं, सगळं एकदम कमी होतं. बुजरी मुलं याच पद्धतीने खुलतात, कारण समोरचा कुठून येणार हे त्यांना हाताला कळतं. पहिल्या फेऱ्यांत तर मी पाळी लावतो: एकदा तू, एकदा तो, आणि ज्याची पाळी नाही त्याने अडवायचं नाही, फक्त छान पडायचं. छान पडल्याबद्दल नाव घेऊन शाबासकी द्या. फेकणाऱ्याला आवाज आपोआप मिळतो. पडणाऱ्याला तुम्ही दिला तरच.

तुमच्या तीस मुलांना एक वर्ग पुरणार नाही. 6 ते 8 वयाच्या मुलांचा 45 मिनिटांचा वर्ग वेगळा करा. त्यात निम्मा वेळ खेळ हवेत, पण असे खेळ की ज्यात ढकलणं, ओढणं, लोळणं, तोल जाणं हे ज्युदोचंच काम होईल. पट्ट्याचं शेपूट ओढणं, कासव उलटवणं, एका पायावर धक्काबुक्की. मोठ्यांना सव्वा तास पुरे. नवशिक्या दहा-बारा मुलांमागे एक जबाबदार मोठा माणूस, ही माझी मर्यादा आहे. ती ओलांडायची वेळ आली की मी प्रतीक्षायादी करतो, आणि पालक नाराज झाले तरी करतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान हे आपलं ज्युदो विद्यालय सुरू केलं ते एका देवळातल्या 12 तातामींच्या (जपानी चटयांच्या) खोलीत, नऊ शिष्य घेऊन. संख्या कमी असल्याची लाज वाटायचं कारण नाही.

मॅटचं थोडक्यात. नेहमीची मॅट 1 मीटर बाय 2 मीटर, चार सेंटीमीटर जाडीची असते. 8 बाय 8 मीटर जागेला अशा 32 लागतात. एवढ्या जागेत मी उभ्याने रांदोरीच्या चारच जोड्या एका वेळी सोडतो, बाकीच्या कडेला गुडघ्यांवर बसून. दोन मॅटमधली फट हा बोटं मोडायचा सापळा आहे, म्हणून भोवती चौकट हवी किंवा निदान दर अर्ध्या तासाला मॅट आवळून घ्यायला हव्यात. खांब, कोपरे, भिंतीच्या कडा गादीने झाका. हॉल सामायिक असल्याने दर वेळी मॅट अंथराव्या लागतात अशी तुमची तक्रार आहे. ते काम मुलांकडून करून घ्या, दोघांत एक मॅट. सहा वर्षांचं मूलही टोक धरतं, आणि स्वतः अंथरलेल्या मॅटवर चपला घालून कुणी चढत नाही.

स्वच्छतेत मात्र कुचराई नको. नखं दर वर्गाला तपासा, ज्युदोगी (ज्युदोचा पोशाख) प्रत्येक सरावानंतर धुतलेली हवी, मॅट जंतुनाशकाने पुसलेली हवी. अंगाला अंग लागणाऱ्या खेळात गजकर्ण झपाट्याने पसरतं. ट्रायकोफायटॉन टॉन्सुरन्स नावाची बुरशी 2000 नंतरच्या दशकात जपानच्या ज्युदो क्लबांत चांगलीच पसरली होती, आणि ती डोक्याच्या त्वचेत दडून राहते, वरून दिसतही नाही. त्वचेवर गोल चट्टा दिसला की मूल मॅटबाहेर, डॉक्टरांनी सांगेपर्यंत. हे त्याच्या पालकांना बाजूला घेऊन सांगा. मुलांसमोर कधीच नको.

डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी ते मूल त्या दिवशी परत खेळणार नाही. यात तडजोड नाही, मूल कितीही ‘मी बरा आहे’ म्हणो. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय. नसलं तरी पालकांच्या हाती एक कागद द्या: पुढचे दोन दिवस काय बघायचं. आधी शाळा नीट सुरू होऊ दे, मग हलका व्यायाम, मग उचिकोमी (न फेकता डावाची उजळणी), आणि पडणं सगळ्यात शेवटी, डॉक्टरांच्या परवानगीने. क्लबमध्ये एक साधी दुखापतीची वही ठेवा: तारीख, डाव, जोडीदार, काय झालं. वर्षाने ती वाचली की कोणत्या डावात आणि वर्गाच्या कितव्या मिनिटाला इजा होतात ते स्वच्छ दिसतं. माझ्या वहीत बहुतेक नोंदी शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या निघाल्या, दमलेल्या मुलांच्या. म्हणून उभ्याने रांदोरी मी आता वर्गाच्या मध्यावर घेतो आणि शेवट जमिनीवर करतो.

पालकांचा बेल्टचा आग्रह समजून घ्या. रंगीत पट्ट्यांचा युरोपात प्रसार झाला तोच मुळी 1930 च्या दशकापासून, पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांच्यामुळे, आणि शिकणाऱ्याला जवळचं उद्दिष्ट मिळावं हाच त्यात उपयोग होता. मुलाला ते हवंच असतं. तेव्हा बेल्ट द्या, पण परीक्षेत निम्मे गुण उकेच्या भूमिकेला द्या. मी परीक्षेत प्रत्येक मुलाला दोनदा बोलावतो, एकदा तोरी म्हणून, एकदा उके म्हणून, आणि नापास झाला तर बहुधा दुसऱ्यात होतो. सुरुवातीला पालक चक्रावतात. एकदा त्यांना मॅटवर बसवून हळू पडायला लावा, मग समजावून सांगावं लागत नाही.

स्पर्धेबद्दल माझं मत ठाम आहे. पहिलं वर्ष बाहेरची स्पर्धा नाही. 2022 मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. कोवळ्या मुलांना वजन उतरवायला लावणं, पालकांनी आणि प्रशिक्षकांनी पंचांवर ओरडणं, जिंकण्याचा असा हव्यास वाढला होता. ज्युदो जिथे जन्मला तिथल्यांना हे करावं लागलं, तर आपण दोन पावलं मागे राहिलेलं बरं. क्लबमध्येच महिन्यातून एकदा छोट्या लढती लावा, चार-चारच्या गटात, प्रत्येकाला तीन लढती मिळतील अशा. बाद पद्धत नको. बाद पद्धतीत निम्मी मुलं एका लढतीनंतर दिवसभर बसून राहतात. आणि वजन उतरवण्याबद्दल पालकसभेत तोंडाने सांगा, कागदावरही द्या: आमच्या क्लबमध्ये मूल ज्या वजनाचं आहे त्याच गटात खेळेल. उपाशी ठेवलेलं, घाम गाळायला लावलेलं मूल आम्ही मॅटवर उतरवणार नाही. हे एकदा मला प्रत्यक्ष करावं लागलं, स्पर्धेच्या सकाळी. ते कुटुंब क्लब सोडून गेलं. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा तेच करीन.

मुलांच्या सुरक्षिततेचा दुसरा अर्थही आहे. हा अंगाला अंग भिडवायचा खेळ आहे, तेव्हा नियम उघडे आणि लेखी हवेत. कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा राहणार नाही, कपडे बदलण्याच्या खोलीत तर नाहीच. हॉलचं दार उघडं, पालकांना कधीही बसून बघायची मुभा. निरोप पालकांना, मुलांच्या फोनवर नाही. ने-वाझा दाखवायचा तर मोठ्या खेळाडूवर दाखवा. एखाद्या मुलाला एखाद्या जोडीदाराशी सराव नको असेल तर कारण चारचौघांत विचारू नका, जोड बदला, आणि नंतर शांतपणे बोला. कधी कारण किरकोळ निघतं, कधी नाही.

मुली टिकवायच्या असतील तर एका वर्गात एकच मुलगी राहणार नाही एवढं बघा. दोन-तीन एकत्र आल्या तर राहतात. मदतीच्या मोठ्या माणसांत एक बाई असेल तर पुष्कळ गोष्टी न सांगता सोप्या होतात. 13-14 च्या वयात मुलं-मुली दोघंही गळतात: शरीर बदलतं, अभ्यास वाढतो, लहानांच्या वर्गात लाज वाटते. अशांना लहानांच्या वर्गात सहायक करा, आठवड्यातून एक दिवस. पण काम नेमकं द्या, ‘या तिघांची उकेमी तुझ्याकडे’, आणि मोठ्या माणसाच्या नजरेखालीच. माझ्या आजच्या दोन्ही सहायकांना मी याच वयात, सोडायच्या बेतात असताना, धरून ठेवलं होतं.

पैशाचं एवढंच सांगतो की शुल्क ठरवताना हॉलचं भाडं आणि विम्याबरोबर मॅट बदलण्याचा खर्चही दर महिन्यात धरा, नाहीतर काही वर्षांनी क्लब एकदम अडचणीत येतो. हिशेब दोघांच्या सहीने, वर्षातून एकदा पालकांसमोर. ज्याला परवडत नाही त्याची सवलत फक्त तुम्हाला आणि खजिनदाराला माहीत असावी. ज्युदोगी वर्षात आखूड होतात, म्हणून एक कपाट ठेवा: आखूड झालेली द्या, मापाची घ्या. त्या कपाटातली गी कुणाची होती हे कुणी विचारत नाही.

पुढच्या वर्गात एक करून बघा. शिकवणं सहायकावर सोपवा, कोपऱ्यात उभे राहा, आणि वीस मिनिटं फक्त पडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. डाव बघू नका. कोण उठताना मनगट चोळतंय, कोण आपली पाळी आली की पट्टा बांधायला बाहेर जातंय, कोण पाणी प्यायला तिसऱ्यांदा निघालंय. माझ्याकडे एक मुलगी उभ्याने रांदोरी सुरू झाली की चपलांच्या रांगेजवळ जाऊन चपला सरळ लावत बसायची. दोन महिने मला ती नीटनेटकी वाटली होती. मग मी तिला पुन्हा बोटं मोजायला बसवलं, तिच्याहून हलक्या जोडीदाराशी पाळीपाळीने खेळवलं, आणि सहाव्या आठवड्यात ती चपलांकडे गेली नाही. तुमच्या वर्गात अशी किती मुलं आहेत ते मोजा, नावं लिहा, आणि त्यांच्यापुरती जोड आधी लावून मग बाकीच्यांची लावा.